पोत्यांची टेप वारंवार का तुटते? फिलरचे प्रमाण घटवण्याआधी काय तपासावे

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामासाठी पोत्यांचा साठा करण्याचे दिवस आले, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला, की सोलापूर परिसरात पॉलिप्रॉपिलीनची विणलेली पोती करणाऱ्यांकडून एक ठरलेली तक्रार ऐकू येते. टेप लाइनवर, म्हणजे वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनची फिल्म डायच्या फटीतून काढून, पाण्यात थंड करून, ब्लेडांनी पट्ट्यांत कापून आणि ओव्हनमध्ये ताणून पोत्याची टेप बनवणाऱ्या यंत्रावर, टेप तुटत राहते, ती गुंडाळायच्या बॉबिन अर्धवट भरतात आणि त्या बॉबिन लूमवर, म्हणजे विणमागावर, चढवल्या की उरलेली टेप तिथे तुटते. यावरचा उपायही ठरलेलाच असतो. कॅल्शियम कार्बोनेटची फिलर मास्टरबॅच (चुनखडीची भुकटी पॉलिमरमध्ये आधीच मिसळून केलेले दाणे) दहा टक्क्यांवरून सहावर आणली जाते, काही दिवस बरे जातात, मग लूमवर टेपा उभ्या चिरू लागतात, दाण्याचा खर्च वाढतो आणि यथावकाश प्रमाण पुन्हा दहावर येते. एप्रिल-मे महिन्यांत हाच क्रम पुन्हा घडतो. वर्षातून दोनदा दिसणारे हे लक्षण एकच असले, तरी त्यामागची कारणे बहुधा दोन वेगवेगळी असतात, आणि दोन्ही वेळा फिलरच्या टक्क्यांवर खापर फोडल्यामुळे खरे कारण जागच्या जागी राहते, असे माझे मत आहे.

फिलर टेपमध्ये नेमके काय करतो, हे आधी आकड्यांत पाहिले पाहिजे. दहा टक्के मास्टरबॅच टाकली आणि तिच्यात ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर टेपमध्ये वजनाने ८ टक्के फिलर जातो. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७१ आणि पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ०.९०५ असल्यामुळे आकारमानाने हा वाटा तीन टक्क्यांपेक्षाही कमी भरतो. इतक्या थोड्या आकारमानाने टेप एकाएकी ठिसूळ होत नाही. मात्र टेपचे वजन वाढते, आणि धंद्याच्या दृष्टीने मेख तिथेच आहे. अडीच मिलिमीटर रुंद आणि ४० मायक्रॉन जाड अशी कोरी टेप ९,००० मीटर घेतली, तर तिचे वजन सुमारे ८१५ ग्रॅम भरते, म्हणजेच ती ८१५ डेनियरची असते. त्याच मापाच्या टेपमध्ये ८ टक्के फिलर असेल, तर डेनियर ८६० च्या घरात जातो. पोत्याचे वजन ठरलेले असल्यामुळे डेनियर ८१५ वरच ठेवावा लागतो आणि त्यासाठी टेपची जाडी ३८ मायक्रॉनपर्यंत खाली येते. ओढ सहन करते ते पॉलिमर, चुनखडीची भुकटी नव्हे, त्यामुळे ग्रॅम प्रति डेनियरमध्ये मोजलेली ताकद साधारण त्याच प्रमाणात, पाच ते आठ टक्क्यांनी, घटणे हे अपेक्षितच आहे. ताकद वीस टक्क्यांनी घटली असेल, तर ते फिलरच्या प्रमाणाने स्पष्ट होत नाही, हे यातून लक्षात यावे.

शिवाय फिलर केवळ काटकसरीसाठी घातला जातो, ही समजूतही अपुरी आहे. पाच-सहा पटींनी ताणलेल्या टेपमध्ये पॉलिमरच्या साखळ्या एकाच दिशेने लागतात, त्यामुळे टेप लांबीच्या दिशेने भक्कम पण रुंदीच्या दिशेने दुबळी होते आणि थोड्या घर्षणाने उभी चिरते. फिलरचे कण ही एकसलग रचना जागोजागी तोडतात, त्यामुळे चीर लांबवर धावत नाही. टेपचा पृष्ठभाग किंचित खरखरीत झाल्याने कापडात ताणे-बाणे सरकत नाहीत, पोत्याला शुभ्रपणा येतो आणि छपाईची शाईही बरी धरते. फिलर घटवताच लूमवर चिरण्याची तक्रार येते, ती याच कारणाने.

तुटलेले टोक काय सांगते

टेप तुटली की ऑपरेटर ती लगेच गाठ मारून किंवा शोषक नळीने ओढून पुढे चालू करतो, आणि तुटलेले टोक वेस्टेजच्या ढिगात जाते. निदानासाठी सर्वांत मोलाची वस्तू तीच असते. एका पाळीतली शक्य तितकी तुटलेली टोके कागदावर चिकटवून ठेवावीत, त्यांवर वेळ आणि टेपचा क्रमांक लिहावा आणि दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ती उजेडाकडे धरून पाहावीत.

तुटलेल्या कडेशी पांढरा, अपारदर्शक ठिपका दिसला आणि त्याभोवती लांबट डोळ्याच्या आकाराची पोकळी असली, तर तो न फुटलेला फिलरचा गोळा किंवा मोठा कण आहे. तशीच लांबट पोकळी दिसली, पण तिच्यात कणच नसला, तर तो ओलाव्याच्या वाफेचा बुडबुडा आहे. टोक झाडूसारखे तंतुतंतु झाले असेल, तर टेप प्रमाणाबाहेर ताणली गेली आहे किंवा फिलर उलट कमी पडला आहे. तपकिरी किंवा काळा ठिपका हा डायमध्ये अथवा बॅरलमध्ये (दाणे वितळवणाऱ्या स्क्रूभोवतीच्या नळकांड्यात) साचून करपलेला माल असतो, त्याचा फिलरशी थेट संबंध नाही. आणि टोकावर काहीच दिसत नसेल, कड मात्र करवतीसारखी दातेरी असेल, तर ब्लेड पाहावे.

ब्लेडची गोष्ट वेगळी सांगण्याचे कारण असे की तिची ओळख पटवायला भिंगही लागत नाही. तुटणाऱ्या टेपांचे क्रमांक लिहून ठेवले आणि त्याच त्या चार-सहा क्रमांकांच्या टेपा पुन्हा पुन्हा तुटत असल्या, तर दोष मालात नसून फिल्मच्या त्या जागेत आहे : बोथट ब्लेड, डायच्या ओठावर साचलेली पांढरी कड किंवा ओव्हनमधली असमान हवा. फिलर असलेल्या फिल्मवर ब्लेड लवकर बोथट होतात, हे खरे आहे, पण त्यावरचा उपाय ब्लेड ठरल्या वेळी बदलणे हा आहे. याउलट तुटणे पूर्ण रुंदीभर विखुरलेले असेल, तरच पुढची चौकशी मालाकडे वळवावी.

पावसाळ्यातली तुटातूट : ओलावा

कॅल्शियम कार्बोनेट मिठासारखे पाणी शोषून घेत नाही, म्हणून मास्टरबॅचच्या गोण्यांकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. परंतु एक-दोन मायक्रॉनच्या कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो आणि त्या पृष्ठभागावर हवेतली आर्द्रता बसते. चांगल्या मास्टरबॅचमध्ये कणांवर स्टिअरिक आम्लाचा थर दिलेला असतो, तो पाण्याला दूर ठेवतो. स्वस्त मास्टरबॅचमध्ये हा थर अपुरा किंवा नसलेलाच असतो. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने इतकी कोरडी असते की हा फरक जाणवतच नाही. सप्टेंबर हा इथला सर्वाधिक पावसाचा महिना आहे, आणि नेमका तेव्हाच हंगामासाठी लाइन रात्रंदिवस चालू असते. उघड्या शेडमध्ये तोंड फोडून ठेवलेली गोणी दोन-तीन दिवसांत पुरेसा ओलावा घेते.

पुरेसा म्हणजे किती? मास्टरबॅचमध्ये अर्धा टक्का ओलावा असला आणि ती दहा टक्के वापरली, तर एकूण मिश्रणात ०.०५ टक्के, म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम पाणी येते. हे अर्धा ग्रॅम पाणी २४० अंश सेल्सिअसला वाफ झाले, तर वातावरणाच्या दाबाला ती वाफ सव्वा लिटरच्या आसपास जागा व्यापते, आणि खुद्द एक किलो वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे आकारमानही साधारण तेवढेच असते. यातली काही वाफ दाणे ओतायच्या हॉपरच्या बाजूने निघून जाते. उरलेली बॅरलमधल्या दाबामुळे दबून राहते, डायच्या ओठांतून बाहेर पडताच फुगते, आणि तो बारीकसा बुडबुडा फिल्म ताणली गेल्यावर लांबट भोक होतो. फिल्मवर डायजवळ मशीनच्या दिशेने चंदेरी रेघा दिसणे, हे याचे दुसरे लक्षण आहे.

पडताळणी सोपी आहे. त्याच मास्टरबॅचमधली दोन-तीन गोण्या हॉपर ड्रायरमध्ये ८० अंशांवर तीन तास कोरडी करावी आणि प्रमाण, तापमान, वेग यांतले काहीही न बदलता चालवावी. तुटणे ठळकपणे कमी झाले, तर निदान झाले. यानंतर गोण्या पाटांवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात, एका पाळीला लागतील तेवढ्याच फोडाव्यात आणि उरलेल्या गोणीचे आतले अस्तर पिळून बांधावे. कॅल्शियम ऑक्साइडवर आधारलेली ओलावा शोषणारी मास्टरबॅच बाजारात मिळते आणि अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते. पण तीही फोडून ठेवली की हवेतलाच ओलावा पिऊन निकामी होते, म्हणून तिला कायमचा उपाय मानू नये. प्रमाण दहावरून सहावर आणल्यावर चार दिवस बरे का जातात, याचे उत्तरही इथेच आहे : फिलर घटला, तसे त्याच्याबरोबर येणारे पाणीही घटले.

उन्हाळ्यातली तुटातूट : पाण्याची टाकी

एप्रिल-मेमध्ये ओलाव्याचा प्रश्न उरत नाही, तरी टेप तुटते. इथे पाहण्याची जागा म्हणजे डायखालची थंड पाण्याची टाकी. वितळलेली फिल्म पाण्यात झटकन थंड झाली, तर पॉलिप्रॉपिलीनला नीट स्फटिक बांधायला अवधी मिळत नाही आणि अशी अर्धवट रचनेची फिल्म पुढे ओव्हनमध्ये सहज ताणली जाते. पाणी तीस-पस्तीस अंशांऐवजी पंचेचाळीसच्या पुढे गेले, तर मोठे, पक्के स्फटिक तयार होतात, त्याच पटीने ताणायला अधिक ओढ लागते, टेप पांढरी पडते आणि कमजोर जागी तुटते. कमजोर जागा म्हणजे अर्थातच जिथे फिलरचा मोठा कण असेल ती. त्यामुळे तुटलेल्या टोकावर कण दिसतो आणि दोष फिलरच्या नावावर जमा होतो, पण ओढ वाढवणारी टाकी नजरेआड राहते.

सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेल्यावर पाणी तापणारच, असे म्हणून हा विषय सोडला जातो, पण हे कारण टिकत नाही. कूलिंग टॉवर पाणी किती थंड करू शकतो, हे हवेच्या साध्या तापमानावर नव्हे, तर ओल्या फडक्याच्या तापमापकाच्या नोंदीवर ठरते, आणि कोरड्या हवेत ती नोंद बरीच खाली असते. ४२ अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असेल, तर ती २३-२४ अंशांच्या आसपास येते. याचा अर्थ मे महिन्याच्या दुपारीसुद्धा धडधाकट टॉवरने तिशीच्या आतले पाणी द्यायला हवे. ते मिळत नसेल, तर टॉवरच्या जाळ्यांत आणि उष्णता विनिमयकाच्या नळ्यांत क्षार बसले आहेत, असे समजावे. बोअरचे पाणी जड, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, म्हणून टॉवरमधले जुने पाणी बदलायचे टाळले जाते. बाष्पीभवनाने क्षार दाट होत जातात आणि नळ्यांना आतून पांढरे कवच चढते. फिल्ममधला चुना घटवून या नळ्यांतला चुना जात नाही, एवढे तरी मान्य व्हावे. टाकीत तापमापक लटकवून दर दोन तासांनी नोंद ठेवणे आणि ती नोंद तुटण्याच्या नोंदीशेजारी लिहिणे, हा या निदानाचा सगळा खर्च.

याच जागी आणखी एक गोष्ट पाहावी. फिलर असलेल्या फिल्मबरोबर टाकीतून पाणी जास्त ओढले जाते, आणि ते पुसणाऱ्या पट्ट्यांतून किंवा हवेच्या झोतातून निसटून ओव्हनमध्ये गेले, तर फिल्मच्या ओल्या जागा थंड राहतात आणि टेप तिथे असमान ताणली जाते. टोकावर काहीच न दिसता अधूनमधून होणाऱ्या तुटण्यामागे हे कारण असू शकते.

कणांचा आकार आणि चाळणीबद्दलचा गैरसमज

फिल्म सहा पट ताणली, की रुंदी आणि जाडी प्रत्येकी साधारण अडीच पट कमी होते. १०० मायक्रॉनची फिल्म ४० मायक्रॉनची टेप होते. अशा टेपमध्ये २५ मायक्रॉनचा एखादाच कण आला, तरी त्या जागी पॉलिमरची पातळ कातडी तेवढी उरते. म्हणून मास्टरबॅच घेताना सरासरी कण किती मायक्रॉनचा, एवढे विचारून थांबू नये. सर्वांत मोठा कण किती, हे विचारावे, आणि टेपसाठी तो दहा मायक्रॉनच्या आतच असावा, असा आग्रह धरावा. सरासरी दोन मायक्रॉन असूनही वरची शेपटी तीस मायक्रॉनपर्यंत गेलेली भुकटी बाजारात असते.

डायआधीची जाळी हे सगळे अडवील, असे अनेकांना वाटते. शंभर मेशच्या जाळीचे छिद्र सुमारे १५० मायक्रॉनचे असते आणि दोनशे मेशचे सुमारे ७५ मायक्रॉनचे. २५ मायक्रॉनचा कण त्यातून निवांत पार होतो. जाळी अडवते ते न फुटलेले मोठे गोळे आणि बाहेरचा कचरा. मात्र जाळीमागचा दाब हा उत्तम साक्षीदार आहे : एका पुरवठादाराच्या मालावर दाब आठवडाभर स्थिर राहतो आणि दुसऱ्याच्या मालावर एका पाळीत चढतो, यातून दुसऱ्या मालात फिलर नीट पसरलेला नाही, हे प्रयोगशाळेशिवाय कळते. गोळे फोडण्याचे काम टेप लाइनच्या साध्या एकेरी स्क्रूकडून फारसे होत नाही. ते मास्टरबॅच बनवणाऱ्याने दुहेरी स्क्रूच्या यंत्रावर आधीच केलेले असायला हवे.

भुकटीतल्या गारगोटीच्या अंशाकडेही लक्ष असावे. कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची, कठीणता मोहस मापनावर ३ आहे आणि गारगोटीची ७. चुनखडीत मिसळून आलेली बारीक गार स्क्रूची धार आणि बॅरलचा आतला कठीण थर खाते, मग स्क्रू-बॅरलमधली फट वाढते, उत्पादनात चढउतार होतात आणि टेपचा डेनियर एकसारखा राहत नाही. हे नुकसान टेप तुटण्याच्या हिशेबात कुणी धरत नाही.

प्रमाण खरोखर किती जाते?

दहा टक्के टाकतो, असे सांगणाऱ्या कारखान्यात प्रत्यक्ष टेपमध्ये दहा टक्केच जातात, याची खात्री नसते. ८० टक्के फिलरच्या मास्टरबॅचच्या दाण्याची घनता १.९५ च्या आसपास, म्हणजे कोऱ्या दाण्याच्या दुपटीहून अधिक असते. दोन्ही मिक्सरमध्ये घोळवून एकाच मोठ्या हॉपरमध्ये ओतले, की व्हॅक्यूम लोडरच्या ओढीत आणि हॉपरमधल्या हादऱ्यांत जड दाणा वेगळा होत जातो. मग कधी पाच, तर कधी पंधरा टक्के अशा लाटा येतात आणि तुटणेही लाटांनीच येते. मापून देणारा फीडर थेट एक्स्ट्रूडरच्या (दाणे वितळवून डायकडे ढकलणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी बसवणे, हा यावरचा नेमका उपाय आहे. तो परवडत नसेल, तर हॉपरमध्ये एका वेळी थोडाच माल ठेवावा.

रिप्रोसेस दाण्याचा हिशेबही सहसा चुकतो. वेस्टेजपासून केलेल्या दाण्यात फिलर आधीच असतो. नवी मास्टरबॅच दहा टक्केच ठेवून वर १५ टक्के रिप्रोसेस दाणा सतत वापरला, तर टेपमधला कॅल्शियम कार्बोनेट ८ टक्क्यांवर न राहता हळूहळू ९.४ टक्क्यांवर स्थिरावतो. बाहेरून आणलेल्या भंगाराच्या दाण्यात तर किती आहे, हे जाळून पाहिल्याखेरीज कळणारच नाही.

जाळून पाहण्याची रीत अशी. टेपचे पाच ग्रॅम वजन क्रूसिबलमध्ये घेऊन आधी धूर संपेपर्यंत हळू जाळावे, मग मफल भट्टीत ५५० अंशांवर ठेवून थंड झाल्यावर राखेचे वजन करावे. या तापमानाला कॅल्शियम कार्बोनेट विघटन न होता टिकते, त्यामुळे राख हाच जवळजवळ फिलर. तीच राख पुढे ९०० अंशांवर तापवली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर मूळ राखेच्या ५६ टक्के वजन उरते. ते ७०-७५ टक्के उरले, तर मास्टरबॅचमध्ये टाल्क, माती किंवा दुसरे काहीतरी मिसळले आहे. पांढरी रंगाची मास्टरबॅचही वापरत असाल, तर तिच्यातले टायटॅनियम डायऑक्साइड वजा धरावे. ९०० अंशांपर्यंत जाणारी भट्टी जवळ नसेल, तर ५५० अंशांच्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकावेत. कॅल्शियम कार्बोनेट जोरात फसफसून विरघळते, टाल्क तसाच राहतो. टाल्क स्वतः वाईट नाही, परंतु तो पॉलिप्रॉपिलीनचे स्फटिक लवकर बांधायला लावतो, आणि टेपसाठी नको असते ते नेमके हेच.

एका पाळीत दर अर्ध्या तासाने घेतलेल्या नमुन्यांची राख एकमेकींशी जुळत नसेल, तर पुरवठादाराला फोन करण्याआधी आपला मिक्सर पाहावा.

सर्व शंका एकदम मिटवायच्या असतील, तर एक तासभर लाइन मास्टरबॅचशिवाय, फक्त कोऱ्या दाण्यावर चालवून पाहावी. तुटणे तसेच राहिले, तर फिलर निर्दोष ठरतो आणि शोध टाकी, ओव्हन, ब्लेड यांच्याकडे वळतो. या चाचणीत टेप अधिक चकचकीत दिसेल आणि लूमवर अधिक चिरेल. तो निष्कर्ष नव्हे, फिलर नसल्याचा स्वाभाविक परिणाम आहे. चाचणी घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तापमानही घटवले, वेगही घटवला आणि गोणीही बदलली, तर टेप तुटायची थांबेल, पण ती कशामुळे थांबली, हे पुढच्या पावसाळ्यात कुणालाच सांगता येणार नाही.

प्रमाण घटवणे योग्य ठरते, असा प्रसंगही आहे. राख एकसारखी पण ठरल्यापेक्षा जास्त भरते, टोकांवर गोळे नाहीत, बुडबुडे नाहीत, पाणी थंड आहे, आणि तरीही टेपची ताकद सगळ्याच बॉबिनवर सारखीच खाली आली आहे, लूमच्या मार्गदर्शक कड्यांवर पांढरी भुकटी साचते आहे. इतके ताणल्यावर पॉलिमर प्रत्येक कणापासून सुटून लहान पोकळ्या धरत आहे, असा याचा अर्थ होतो. अशा वेळी मास्टरबॅच एकदम चार टक्क्यांनी न घटवता आधी ताणण्याचे प्रमाण थोडे कमी करून, म्हणजे सहा पटींऐवजी साडेपाच पटींवर आणून, ताकद आणि भुकटी दोन्ही तपासावी. भुकटी तरीही पडत राहिली, तर मास्टरबॅच दोन टक्क्यांनी खाली आणावी आणि डेनियर नव्याने लावून घ्यावा, कारण फिलर कमी झाल्यावर त्याच जाडीची टेप हलकी भरते आणि पोत्याचे वजन मापात बसत नाही.